वाचकांचे प्रश्न : कार्बुरेटरमधून उलटा येणारा फवारा

प्रश्न : माझ्याकडे १९९३ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. अलीकडेच सिलिंडरचे पोर्टिंग (मिश्रण आत-बाहेर जाण्याच्या वाटा कोरून बदलणे) करून घेतले आणि एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा फिल्टर बसवला. तेव्हापासून गाडी जागेवर चालू असतानाही फिल्टरमधून पेट्रोलचा बारीक फवारा बाहेर येतो, फोम भिजतो आणि प्लग काळा पडतो. मेन जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी कार्बुरेटरमधली बारीक छिद्राची नळी) लहान करूनही फरक पडला नाही. काय करावे?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : आधी मूळ मापाचा जेट परत बसवा, कारण दोष बहुधा रीड व्हॉल्व्हमध्ये आहे. आपल्या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना क्रँककेसमधला दाब घटतो, कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रीडच्या पातळ पाकळ्या उघडतात व मिश्रण आत येते; पिस्टन खाली येऊ लागताच त्याच पाकळ्या घट्ट मिटल्या पाहिजेत. पाकळीचा टवका उडाला असेल किंवा ती वाकली असेल, तर आत आलेले मिश्रण कार्बुरेटरमधून बाहेर फेकले जाते. हवा उलट्या दिशेने गेली तरी पेट्रोल ओढतेच, त्यामुळे त्याच हवेत पुन्हापुन्हा पेट्रोल मिसळते आणि प्लग काळा पडतो. जेट लहान केल्याने हे थांबत नाही. भरधाव वेगात मिश्रण पातळ होऊन इंजिन सीज होण्याचा (पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकण्याचा) धोका मात्र वाढतो.

इंजिन बंद ठेवून पेट्रोलचा कॉक उघडा. तरीही कार्बुरेटर गळत असेल तर फ्लोट (कार्बुरेटरमधला तरंगणारा भाग) आणि त्याने मिटणारी, पेट्रोल अडवणारी नीडल तपासावी. तो दोष निराळा. गळत नसेल तर कार्बुरेटर उतरवून रीडचा संपूर्ण ब्लॉक बाहेर काढावा, स्वच्छ पुसावा व उजेडासमोर धरावा. मिटलेल्या पाकळीच्या कडेने ठळक फट दिसली, किंवा टोकाशी केसासारखी चीर आढळली, तर पाकळ्यांचा पूर्ण संच बदलावा. टवका उडालेला असेल तर तो सापडेपर्यंत किक मारू नये, कारण तो क्रँककेसमधून वर जाऊन पिस्टन आणि सिलिंडर ओरखडू शकतो. जास्त हवा मिळावी म्हणून काही कारागीर पाकळी किती उघडावी याला मर्यादा घालणारा तिच्यावरचा स्टॉपर वाकवून उंच करतात; त्याने पाकळी गरजेपेक्षा अधिक उघडते आणि लवकर तुटते. पोर्टिंगच्या वेळी असे काही केले होते का, हे गॅरेजमध्ये स्पष्ट विचारावे.

पाकळ्या निर्दोष निघाल्या तर मूळ डबा पुन्हा बसवून पाहावा. थोडेसे मिश्रण मागे येणे अगदीच अस्वाभाविक नाही. बंद डब्यात ते साठून पुढच्या वेळी आत ओढले जाते, उघड्या फिल्टरमधून मात्र ते थेट इंजिनावर उडते. शिवाय आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पेट्रोलने भिजलेल्या फोमवर थापली जाऊन फिल्टर लवकर चोंदतो, तो वेगळाच त्रास. फवारा थांबेपर्यंत गाडी बंद खोलीत चालू ठेवू नये आणि प्लगची टोपी सैल आहे का, हेही पाहून घ्यावे. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरेशी असते.