कोल्हापुरात ख्रिसमसला लोक भेटवस्तूंवर खरंच खर्च करतात का?

करतात, पण दिवाळीच्या मानानं किरकोळच. बोनस तेव्हाच उडालेला असतो भावा! नाताळात दुकानांत गर्दी दिसते ती केकसाठी. इथली ख्रिस्ती वस्ती जुनी, 1852 साली वाइल्डर नावाचे मिशनरी कोल्हापुरात आले. त्या घरांत नवे कपडे आणि शेजाऱ्यांकडं जाणारी फराळाची ताटं, अगदी करंज्या-चकल्यांसकट, हीच भेट. बाकीच्यांचा खर्च ‘सिक्रेट सांता’वर, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. ऑफिसात दोनशेची मर्यादा ठरते आणि निम्म्यांच्या हाती कॉफीचा मग येतो (माझ्याकडं चार झालेत). मला विचारशील तर राजारामपुरीच्या दुकानांत कॉफीचा मग शोधत हिंडण्यापेक्षा कोल्हापुरी चप्पल दे. 2019 पासून तिला भौगोलिक मानांकन (GI, म्हणजे ती मूळची याच भागातली असा अधिकृत शिक्का) आहे. फक्त दोनशेत भागायचं नाही, आणि पायाचं माप गुपचूप काढावं लागेल.