पाऊचचा कोपरा: पेटंट मिळेल का?

प्रश्न: मी एक पाऊच बनवलाय. फाडल्यावर कोपरा सुटून येत नाही, एका बाजूने चिकटून राहतो आणि पाऊचवरच्याच छोट्या खाचेत खोचला की तोंड बंद. दोन मित्रांना दाखवला तर दोघंही म्हणाले, हे तर कुणालाही सुचेल, याचं कसलं पेटंट! सोडून देऊ का?

उत्तर: मित्रांचं जरा बाजूला ठेवा हो, उत्तर बघितल्यावर कोडं सगळ्यांनाच सोपं वाटतं. पेटंट ऑफिसचा परीक्षक बघतो ते वेगळं, की पॅकेजिंगमध्येच काम करणाऱ्या साधारण माणसाला, तुमच्या अर्जाआधी जे जे जगजाहीर होतं ते सगळं समोर ठेवलं तर ही युक्ती सहज सुचली असती का.

अमेरिकेतली एक केस आहे, भोपळ्याचं तोंड छापलेली केशरी कचऱ्याची पिशवी. पेटंट ऑफिस म्हणालं, कचऱ्याच्या पिशव्या जुन्या, कागदी पिशवीचा भोपळा करायची कृती लहान मुलांच्या शिक्षकांसाठीच्या पुस्तकात आहेच, मग यात सहज न सुचण्यासारखं काय? १९९९ साली अपील कोर्टाने हे फिरवलं, कारण या दोन गोष्टी एकत्र कराव्यात असं आधी कुणाला का वाटलं असतं ते ऑफिसने दाखवलंच नव्हतं. पण लगेच खूश होऊ नका, २००७ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने ही कसोटी सैल केली, आता साध्या व्यवहारज्ञानाचा आधार घेऊनही नकार देता येतो. आणि वस्तू खूप खपतेय म्हणून पेटंट वाचेल असंही नाही, कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या स्प्रेचं टोपण चांगलं खपत होतं तरी १९६६ मध्ये त्याचं पेटंट कोर्टात टिकलं नाही.

आता तुमचा पाऊच. खाचेत जीभ खोचून बंद करणं खोक्यांवर कधीपासून आहे, तेवढंच पाऊचवर आणलं असेल तर खरं सांगते, केस कच्ची आहे. मला उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची आहे, ती फाट थांबते कशी? पाऊचची प्लास्टिकची फिल्म एकदा फाटायला लागली की सरळ सुटतेच ना, मग तुम्ही रेषा वळवली, की मध्ये सीलचा ठिपका ठेवला, की फिल्मच बदलली? किती पाऊच वाया गेले तेव्हा जमलं? दम असला तर तिथेच आहे, खाचेत नाही. फसलेले नमुने तारखेसकट जपून ठेवा.

गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेट या जुनी पेटंटं शोधायच्या वेबसाइट, दोन्ही फुकट आहेत, तिथे नावाने नको, कामाने शोधा, 'फाडल्यावर जोडलेला राहणारा कोपरा' असं काहीतरी, आणि बी६५डी (B65D) हा पॅकेजिंगच्या पेटंटांचा वर्ग लावून बघा. दरम्यान आणखी कुणाला दाखवू नका, अमेरिकेत स्वतःच उघड केल्यावरही अर्ज करायला वर्षभराची मुभा असते पण युरोपात सहसा आपणच दाखवलेलं आपल्यालाच आडवं येतं. मित्रांना दाखवलंत तेव्हा गुप्त ठेवायचं ठरलं होतं का, तेही आठवा.

फाट कुठे आणि कशाने थांबते तेवढं लिहून पाठवा, मग पुढचं बोलू.