लेओव्हर सहा तासांचा, भेट किती तासांची?

या वेळच्या पत्रांत लेओव्हरमधल्या, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या वेळातल्या, विमानतळावरच्या भेटीगाठींची तीन पत्रं एकदम निघाली, सुट्ट्या जवळ आल्याचं लक्षण. तिन्हींची उत्तरं एकत्रच देते.

प्रश्न: ताई नमस्कार. माझी कॉलेजची मैत्रीण ज्या शहरात राहते तिथेच माझी कनेक्टिंग फ्लाइट आहे. दुपारी १.४० ला उतरते, पुढचं विमान संध्याकाळी ७.५० ला, म्हणजे सहा तास दहा मिनिटं. आम्ही ९ वर्षांत भेटलेलो नाही. ती म्हणते घरी चल, ४० किलोमीटरवर तर आहे, न्यायला येते, सोडायलाही येते. नवरा म्हणतो वेडेपणा करू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर: नवऱ्याचं. (हे वाक्य या सदरात पहिल्यांदाच लिहितेय, त्यांना दाखवू नका.)

हिशोब करून बघू. १.४० ला चाकं जमिनीला लागतात, दार उघडून तुमच्या रांगेचा नंबर लागेपर्यंत दोन वाजतात. मग ते लांबलचक कॉरिडॉर, इमिग्रेशनची रांग, कधी वीस मिनिटं कधी तासभर, आपण तासभरच धरायचा, कारण तुमच्याच वेळी अजून दोन मोठी विमानं उतरलेली असतात हा नियमच आहे. म्हणजे तुम्ही बाहेर आलात तीनला. आता उलटं मोजा. ७.५० हा विमान हलायचा टाइम, गेट त्याच्या आधी पंधरावीस मिनिटं बंद होतं, त्याआधी परत सिक्युरिटी, परत इमिग्रेशन, परत चालणं, म्हणजे फार ताणलं तरी साडेपाचच्या आत तुम्ही टर्मिनलच्या दारात हव्यात. तीन ते साडेपाच, अडीच तास, त्यातले दोन तास जाऊन-येऊन रस्त्यावर. घरी उरला अर्धा तास, चपला काढून घर बघून होईपर्यंत उठायची वेळ. आणि ती बिचारी गाडी चालवत असणार, म्हणजे ९ वर्षांनी भेटून तुम्ही तिचा फक्त डावा किंवा उजवा गाल बघणार.

त्यापेक्षा तिलाच विमानतळावर बोलवा. अरायव्हल हॉलमध्ये, नाहीतर टर्मिनलला लागून हॉटेल असतं त्याच्या लॉबीत, पूर्ण अडीच तास समोरासमोर बसायला मिळतील. काही विमानतळांनी यासाठी मस्त सोय करून ठेवलीय, सिंगापूर विमानतळाला लागून असलेलं ज्वेल हे संकुल घ्या, २०१९ ला उघडलं, आत ४० मीटर उंचीचा धबधबा, आणि ते सिक्युरिटीच्या बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे शहरातला माणूस तिकिटाशिवाय येऊन बसू शकतो. पण याच कारणाने तुम्हाला मात्र तिथे जायला सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून रीतसर देशात शिरावं लागतं, हे लोक विसरतात आणि ट्रान्झिटमध्ये, म्हणजे विमान बदलणाऱ्यांच्या आतल्या भागात, धबधबा शोधत फिरतात.

इथेच खरी मेख आहे. बाहेर पडायची परवानगी आहे का, हे मैत्रिणीला फोन करायच्या आधी बघा. काही देशांत तुमच्या पासपोर्टवर व्हिसा लागतो, काही ठिकाणी ठरावीक तासांपुरतं सोडतात. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन करावंच लागतं, तिथे ‘आतल्या आत’ असा प्रकारच नाही. आणि हातात सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच शिरता येणारा व्हिसा असेल आणि परत येतानाही तोच देश लागणार असेल तर जाताना बाहेर पडून तो वापरून टाकू नका, येताना काय दाखवणार?

दुसरं, तिकीट एकाच पीएनआरवर आहे का? असेल तर पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं तर कंपनी पुढच्या विमानात बसवते. पण विमान वेळेवर उतरलं आणि तुम्ही गप्पांत रमलात तर तो नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही, आणि नो-शो झालं की नुसतं तेवढं विमान जात नाही, बऱ्याचदा त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, अगदी परतीचा प्रवाससुद्धा कॅन्सल होतो. हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा म्हणजे ‘अगं थांब ना पाच मिनिटं’ म्हणताना ती जरा तरी विचार करेल.

बॅगा शेवटच्या मुक्कामापर्यंत थ्रू चेक-इन केल्या असतील तर उत्तम, ओढत फिरावं लागणार नाही. पण थ्रू असल्याने त्यात काही टाकताही येणार नाही, म्हणजे तिने प्रेमाने आणलेली मोठी शाम्पूची बाटली, अत्तर, क्रीम, सगळं हँडबॅगेत येणार आणि १०० मिलिलिटरच्या नियमात सिक्युरिटीवाला ते तुमच्यादेखत बाजूला काढणार. बऱ्याच ठिकाणी हा नियम अजून तसाच आहे. तिला सांगा, द्यायचंच असेल तर ओढणी दे.

प्रश्न: मी आणि माझा मित्र दोघंही योगायोगाने एकाच दिवशी ॲमस्टरडॅमला विमान बदलतोय, दोघंही युरोपबाहेरूनच येतोय, मी पुढे टोरांटोला, तो व्हिएन्नाला. वेळा तीन तास जुळतात. तिथे एकच टर्मिनल आहे म्हणे, मग आत कुठेही भेटलो तरी चालेल ना?

उत्तर: टर्मिनल एकच हे खरं, आणि तिथेच लोक फसतात. छप्पर एक असलं तरी आत दोन देश आहेत असं समजा. स्किपोलला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या विमानतळाला, शेंगेन (युरोपातले आपसांत सीमेवर तपासणी नसलेले देश) आणि बिगर-शेंगेन असे भाग वेगळे, मध्ये पासपोर्ट कंट्रोल. लाउंज १ शेंगेनच्या बाजूला, २ आणि ३ बिगर-शेंगेनच्या बाजूला. लाउंज म्हणजे इथे सोफे आणि फुकट कॉफी नव्हे, डिपार्चरचा सगळा भागच. तुम्ही टोरांटोला जाणार म्हणजे बिगर-शेंगेन भागातच राहणार. मित्राला व्हिएन्नाला जायचं म्हणजे त्याची शेंगेन एंट्री व्हिएन्नाला नाही, ॲमस्टरडॅमलाच होते. एकदा तो पासपोर्ट तपासून पलीकडे गेला की तुमच्याकडे यायला त्याला देश सोडल्यासारखं परत बाहेर पडावं लागेल, सिंगल एंट्री व्हिसा असेल तर संपलंच.

म्हणून त्याला आत्ताच मेसेज करून ठेवा, की विमानातून उतरलास की ट्रान्सफरच्या पाट्या आणि गर्दी बघून मेंढरासारखा पासपोर्टच्या रांगेत जाऊ नकोस, अलीकडेच थांब. भेटून झालं की मग त्याने रांगेत लागायचं, आणि त्यासाठी निदान तास-दीड तास हातात ठेवायचा. शेंगेनमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून ये-जा नोंदवायची नवी डिजिटल पद्धत सुरू झालीय, पहिल्या वेळी नोंदणीला वेळ जातो. आणि त्याचा व्हिसा तर हवाच, पण तुमच्या पासपोर्टवर नुसत्या ट्रान्झिटला व्हिसा लागतो का तेही बघा, युरोपात काही पासपोर्टांना तो विमानतळ न सोडताही लागतो.

भेटायची जागा ठरवताना ‘कॉफीच्या दुकानापाशी’ असं ठरवू नका, एकाच नावाची चार दुकानं असतात. गेटचा नंबर ठरवा. तुमच्या विमानाचं गेट बदललं तरी त्या नंबरचा खांब तिथेच असतो. आणि सगळं उतरायच्या आधीच ठरवा, कारण उतरल्यावर वायफाय मिळेलच असं नाही. फुकट वायफाय आहे असं लिहिलेलं असतं, जोडायला गेलं की मोबाइलवर ओटीपी पाठवतो म्हणतं, आणि रोमिंग बंद, म्हणजे ओटीपी येणार नाही, म्हणजे वायफाय नाही, म्हणजे मित्राला ‘वायफाय नाहीये’ हेसुद्धा कळवता येणार नाही. काही विमानतळांवर पासपोर्ट स्कॅन करून कोड देणारं मशीन असतं, ते शोधा.

एक अजून, तारीख. रात्री साडेबाराचं विमान असेल तर तिकिटावर १५ तारीख दिसते पण विमानतळावर जायचं असतं १४ च्या रात्री. या एका गोष्टीवरून माणसं चोवीस तास चुकलेली मी बघितलीयेत. तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची असते, ‘+१’ लिहिलं असेल तर दुसरा दिवस. एकमेकांना वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर पाठवा, बाकीचं ट्रॅकिंगचं ॲप बघून घेईल.

आणि बसताना दोघांपैकी एकाने तरी स्क्रीनकडे तोंड करून बसा. मोठ्या विमानतळांवर आता घोषणा फारशा होतच नाहीत, तुमचं नाव कोणी पुकारेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न: माझा भाऊ ट्रान्झिटमध्ये आत असणार, त्याला व्हिसा नसल्याने बाहेर येता येत नाही. मी रिफंड मिळणारं तिकीट काढून आत जावं, भेटून यावं आणि मग तिकीट कॅन्सल करावं असं ऑफिसातला एक जण सुचवतोय. चालेल का?

उत्तर: ऑफिसातल्या त्या एका जणाला मी ओळखते, तो प्रत्येक ऑफिसात असतो. करू नका. सिंगापूरमध्ये तर प्रवास करायचा नसताना बोर्डिंग पासवर आत शिरणं हा सरळ गुन्हा आहे, निव्वळ कोणाला सोडायला आत गेलेल्या लोकांनाही पकडलंय. इतरत्रही इमिग्रेशनवर देशाबाहेर गेल्याची नोंद होते आणि मग गेला नाहीत तर ती रद्द करून घ्यायला अधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं, तेव्हा ‘भावाला भेटायचं होतं’ हे कितीही खरं असलं तरी पटवणं अवघड.

अमेरिकेत मात्र रीतसर सोय आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर बिनतिकिटाच्या माणसाला सिक्युरिटीपलीकडे सोडणं बंद झालं होतं, मग २०१७ ला पिट्सबर्गने व्हिजिटर पास सुरू केला, आता इतरही काही विमानतळ देतात, आयडी दाखवून, तपासणी करून आत सोडतात. तुमचा विमानतळ देतो का ते त्याच्या वेबसाइटवर बघा. नसेल देत तर फोनवर बोला, खरंच.

मी काय बोलतेय ते मला माहितीये. एकदा मैत्रीण आत ट्रान्झिटमध्ये आणि मी बाहेर, तिला बाहेर येता येईल असं मी धरून चालले होते, मला आत येता येईल असं ती धरून चालली होती, दोघींनीही विचारलं नव्हतं. शेवटी एका ठिकाणी दोन्हीच्या मध्ये नुसती काच होती, तिथे आम्ही उभ्या राहिलो, फोन कानाला लावून. तिचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, त्यामुळे मी दर वेळी चुकीच्या जागी हसत होते. तेवीस मिनिटं बोललो. मग तिचं बोर्डिंग सुरू झालं, ती हात हलवत उलटी उलटी चालत गेली आणि कोणाच्या तरी ट्रॉलीवर जाऊन आपटली.