जुनी एमजीबी, घरचं गॅरेज: वाचकांचे प्रश्न

ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही नवशिक्याला हात काळे करायला सगळ्यात सोयीची जुनी स्पोर्ट्स कार. 1798 सीसीचं साधं इंजिन, बॉनेटखाली भरपूर जागा, आणि जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवीन मिळतो. (काही नवीन भाग जुन्यापेक्षा वाईट असतात, त्याबद्दल पुढे.) या वेळी आलेले प्रश्न इंग्लंडमधून आणि पुण्याहून आहेत.

प्रश्न (लेस्टर): 1971 ची एमजीबी रोडस्टर घेतली. चार वर्षं शेडमध्ये उभी होती. बॅटरी लावून स्टार्टर मारून बघू का? आणि हत्यारं कोणती घेऊ?

उत्तर: स्टार्टर थांबू द्या. आधी ब्रेक बघा. तुमच्या सालच्या ब्रिटिश बाजारातल्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक रबरी होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरला फक्त हँडब्रेक. हे होज बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतून सुजतात. पेडल दाबलं की तेल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. वय माहीत नसेल तर सगळे होज बदला, व्हील सिलिंडर गळतात का ते रबरी टोपी उचलून बघा, आणि नवीन डॉट 4 ब्रेक तेल भरा. ब्लीडिंगची (ब्रेकच्या तेलातली हवा काढण्याची) सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून करा. मागच्या ड्रमच्या पाठीमागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. चाक जाम होईपर्यंत तो आवळायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा. डॉट 5 सिलिकॉन तेल जुन्या तेलात मिसळू नका.

इंजिनाचं काम त्यानंतर. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल तर ते कार्बोरेटरमध्ये जाताच कामा नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी चौथ्या गिअरमध्ये गाडी हाताने ढकला. इंजिन फिरलं तर ठीक. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. मग ऑइल आणि फिल्टर बदला. 20डब्ल्यू-50 तेल फिल्टरसकट सव्वाचार लिटर लागतं, ऑइल कूलर असेल तर जवळपास अर्धा लिटर जास्त. ते क्लासिक गाड्यांसाठीचं घ्या, कारण या इंजिनाचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे असलेला दांडा) आणि टॅपेट (त्यावर टेकून व्हॉल्व्हकडे ढकल पोचवणारा भाग) एकमेकांवर घासत चालतात आणि त्यांना तेलात जस्ताचं प्रमाण जास्त लागतं. आता प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन कॉइलची वायर काढून, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत स्टार्टर फिरवा. मगच प्लग लावा. गरम इंजिन रस्त्यावर 50 ते 80 पीएसआय दाखवत असेल तर चिंता नको. आयडलला 15-20 वर आलं तरी घाबरू नका.

हत्यारांचं म्हणाल, तर मिलिमीटरचे पाने बाजूला ठेवा. गाडीचे आटे यूएनएफ (इंचांच्या मापाचे बारीक आटे) आहेत, पाने इंचांचे लागतात: 7/16, 1/2, 9/16 आणि 5/8. 13 मिमीचा पाना 1/2 इंचाच्या नटावर 'बसतो', आणि गंजलेल्या नटाची कड खाऊन टाकतो. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ग्रीस गन, टॉर्क रेंच आणि दोन मजबूत ॲक्सल स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हातसुद्धा घालायचा नाही.

प्रश्न (स्लाव): आयडलला इंजिन मिस मारतं, पिकअप नाही. दोन्ही एसयू कंपनीच्या कार्बोरेटरचे खालचे नट फिरवून बघितले, आता तर आणखीच बिघडलं. कुठून सुरुवात करू?

उत्तर: कार्बोरेटरचा नंबर शेवटी येतो. या गाड्यांच्या बहुतेक 'कार्बोरेटरच्या तक्रारी' इग्निशनच्या निघतात. आधी टॅपेट, मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली, उघडझाप करून ठिणगी पाडणारी टोकं) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मग कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला की एक दोष झाकायला दुसरा तयार होतो.

टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) थंड इंजिनावर 0.015 इंच, मशीन शॉपच्या भाषेत पंधरा थाउ, म्हणजे 0.38 मिमी. कोणता व्हॉल्व्ह कधी सेट करायचा त्यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा, चौथा असेल तेव्हा पाचवा. रॉकर कव्हर बसवताना दोन नट दम लावून आवळू नका. पत्रा वाकतो आणि कॉर्कच्या गॅस्केटमधून तेल झिरपायला लागतं.

पॉइंटचं अंतरही तेवढंच, 0.014 ते 0.016 इंच, पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर असताना मोजलेलं. नवशिक्याची हमखास फसगत इथे होते. पॉइंटच्या स्प्रिंगवर कॉइलची वायर आणि कंडेन्सरची (पॉइंट जळू न देणाऱ्या छोट्या डबीची) वायर बसते. ही तिन्ही टोकं प्लॅस्टिकच्या बुशवर एकमेकांना टेकलेली हवीत, पण खालच्या खांबाला किंवा प्लेटला लागता कामा नयेत. वॉशरचा क्रम चुकला की पॉइंट कायमचे गाडीच्या धातूला जोडले जातात (अर्थ होतात) आणि ठिणगी पडतच नाही. सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कंडेन्सर आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणारा भाग) स्वस्तातले घेऊ नका. हलक्या रोटरमध्ये पितळी पट्टीचा रिव्हेट खाली शाफ्टच्या फार जवळ जातो आणि ठिणगी प्लगऐवजी शाफ्टमध्ये उतरते. हलका कंडेन्सर गरम झाला की बसतो. गाडी वीसेक मिनिटं छान चालून बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर काही न करता सुरू होत असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. जुना चालू कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा.

प्लगचं अंतर 0.025 इंच. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. टायमिंगचा आकडा इंजिन नंबरप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमधून घ्या आणि स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकता दिवा) लावताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून ठेवा.

आता कार्बोरेटर. एअर फिल्टर काढा. कार्बोरेटरमधला पिस्टन बोटाने वर उचलून सोडला की खाली 'टक्' असा आवाज करत बसला पाहिजे. अडखळत असेल तर वरची टोपी काढून टोपी आणि पिस्टन थिनरने पुसा. पण एका कार्बोरेटरची टोपी दुसऱ्याला लावू नका, त्या आपापल्या पिस्टनला जुळवलेल्या असतात. पिस्टनच्या कडेला तेल लावायचं नाही. तेल फक्त मधल्या पोकळ दांड्यात, 20 ग्रेडचं. डॅम्पर (वरच्या झाकणाला जोडलेली दांडी) आत ढकलताना दांड्याच्या वर साधारण सेंटिमीटरभर उंचीवर विरोध लागला पाहिजे. तेल कमी पडलं की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळतं.

फिरवलेले नट मूळ जागी न्यायचे असे: नट वर फिरवून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) पुलाच्या (पिस्टनखालच्या सपाट उंचवट्याच्या) पातळीत आणा, मग दोन्ही नट पूर्ण दोन फेरे खाली घ्या. नटाला सहा कडा असतात, म्हणजे बारा कडा. इथून इंजिन सुरू होईल. गरम झाल्यावर दोन्ही थ्रॉटल शाफ्ट जोडणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू ढिले करा, रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं एकेका तोंडाजवळ धरा, आणि फुत्कार सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. मग मिश्रण: पिस्टन अंदाजे पाऊण मिलिमीटर उचला. आवाज चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, नट वर घ्या. इंजिन बसायला लागलं तर पेट्रोल कमी, नट खाली. क्षणभर चढून पूर्ववत झालं तर बरोबर. एका वेळी एकच कड फिरवा, आणि प्रत्येक वेळी एकदा रेस देऊन मग ऐका.

एवढं करूनही आयडल स्थिर होत नसेल तर थ्रॉटलचा शाफ्ट झिजून हवा ओढत असेल. शाफ्टच्या टोकांवर पाण्याची बारीक फवारणी करा, आवाज बदलला तर दोष सापडला. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका, या इंजिनात एक्झॉस्ट बरोबर कार्बोरेटरच्या खाली असतो.

प्रश्न (पुणे): आमच्या गाडीचा पेट्रोल पंप बंद इंजिनावरही टकटक करत राहतो. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) मुळे का?

उत्तर: टकटक आणि वास, दोन्ही एकाच गळतीची लक्षणं असू शकतात. चावी फिरवल्यावर एसयू पंप थोडा वेळ टकटकतो, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरला जोडलेल्या पेट्रोलच्या छोट्या टाक्या) भरले की थांबतो. त्यानंतर अर्ध्या मिनिटाला एखादी टक चालेल. अखंड टकटक म्हणजे पेट्रोल कुठेतरी जातंय, किंवा पंप हवा ओढतोय. फ्लोट चेंबरचा व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडतं. ही नळी एक्झॉस्टपासून लांब उतरवलेली आहे ना, हे आज बघा. वास आहे तोवर गाडी सुरू करू नका. उलट, पंप अजिबात वाजत नसेल तर त्याचे पॉइंट चिकटलेले असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली की चालू होतो, पण तो घरी पोचण्यापुरता उपाय.

ई20 चा दोष आहेच. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि भेगा पाडतं, शिवाय हवेतलं पाणी शोषतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, नळीवर 'एसएई जे30 आर9' छापलेलं हवं. फ्लोटची सुई व्हिटॉनच्या (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या) टोकाची घ्या. टाकीतला जुना गाळ इथेनॉलने सुटतो, म्हणून पंपाआधी फिल्टर लावा आणि पहिले काही महिने तो वरचेवर बघा. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं. कार्बोरेटरचे नट एक-दोन कडा खाली घ्यावे लागतील. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धी ठेवू नका.

प्रश्न (कॉव्हेंट्री): जुन्या फ्यूजवर 35 अँपिअर लिहिलंय. दुकानातून 35 चा नवीन घेतला, चालेल ना?

उत्तर: नाही. लुकास कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर तो वितळण्याचा आकडा असतो, सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी, 17 अँपिअर. आजच्या फ्यूजवरचा 35 हा सतत वाहण्याचा आकडा. त्याच्या आधी वायर जळेल. काचेचा 17/35 असं लिहिलेलाच मागा. आणि स्टार्टर मारताना चोकची केबल गरम होत असेल तर इंजिनाची अर्थ पट्टी (इंजिन आणि बॉडी जोडणारी तारेची पट्टी) तुटली आहे, करंट केबलमधून परततोय.

प्रश्न (लेस्टर): स्टिअरिंग जड आहे. किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खुंटा) बदलावे लागतील का?

उत्तर: आधी ग्रीस. पुढच्या प्रत्येक चाकाला ग्रीस भरायची तीन निपल असतात, दर 3,000 मैलांनी ग्रीस भरायचं. चाक उचलून, भार काढून भरा, नाहीतर ग्रीस भाराच्या बाजूला पोचत नाही. काळं ग्रीस निघून ताजं बाहेर दिसेपर्यंत पंप मारा. एखादं निपल ग्रीस घेत नसेल तर ते काढून साफ करा, 'दोन भरली की झालं' असं करू नका. मग चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, नाही थांबलं तर किंगपिनचा. टायरची हवाही बघा: रेडिअलला पुढे 21 आणि मागे 24 पीएसआय.

प्रश्न (स्लाव): दाराखालच्या सिलला गंजाची दोन भोकं आहेत. पॅच मारू का?

उत्तर: रोडस्टरला छप्पर नाही, म्हणून गाडीची ताकद सिलमध्येच आहे. बाहेरचा पत्रा, मधला आणि आतला, असे तीन थर असतात. बाहेर भोक दिसतंय म्हणजे मधला आधीच गेलेला असतो, कारण गंज आतून बाहेर येतो. चुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. दार बंद करून मागच्या कडेची फट बघा. वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल तर बॉडी मधून बसली आहे. अशी गाडी आधार न देता कापली तर दार पुन्हा कधी लागणार नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून घ्यावी लागते. हे काम वेल्डिंग येणाऱ्याकडे द्या.

तुमच्या हातातलं काम असं: पुढचं चाक काढा, विंगच्या (मडगार्डच्या) आत मागच्या बाजूला स्क्रूंनी लावलेला पत्रा असतो, तो सोडा. त्यामागे मूठ-मूठ ओला चिखल निघेल. सिल तिथूनच कुजायला सुरुवात होते. तो खरवडून धुवा, सिलच्या तळाची ड्रेनची भोकं तारेने मोकळी करा, दोन दिवस वाळू द्या, आणि मगच आत मेण फवारा. ओल्यावर फवारलं तर पाणी आतच कोंडतं.