यंत्र ठीक आहे, पण वडिलांच्या मनाचे काय?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या छातीत हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका (शॉक) देऊन ती पूर्ववत करणारे आयसीडी यंत्र आहे. मध्यंतरी जिना चढताना त्यांना त्याचा शॉक बसला. तपासणीत यंत्र उत्तम असल्याचे कळले. परंतु तेव्हापासून ते जिना चढत नाहीत, एकटे राहत नाहीत, रात्री दचकून उठतात. मागच्या भेटीत त्यांना मनःस्थितीविषयीची प्रश्नावली दिली, ती ‘मला वेडा समजता का?’ म्हणत त्यांनी कोरीच परत केली. आग्रह धरावा का?

उत्तर : जरूर धरावा, मात्र आधी त्यांची भीती रास्त आहे, हे त्यांना सांगावे. शुद्धीवर असताना बसलेला शॉक छातीत आतून लाथ बसावी तसा जाणवतो, असे अनेक रुग्ण सांगतात. त्या क्षणी आपण जे करत होतो त्याच्याशी मन धोका जोडून टाकते, मग माणूस जिना टाळतो, हळूहळू चालणेही टाळतो, आणि हालचाल घटल्याने शरीर अशक्त होऊन थोड्या श्रमाने वाढणारी धडधड पुन्हा भीतीच वाढवते. यंत्राच्या नोंदीत काहीही नसताना झोपेत शॉक बसल्याचा भास होणारे रुग्णही असतात. यातले काहीही वेडाचे लक्षण नाही.

अशा रुग्णांत चिंता आणि नैराश्य इतके आढळते की, युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आयसीडी बसवलेल्यांच्या मानसिक स्थितीची चाचपणी आणि त्रासावर उपचार, दोन्हींची शिफारस केली आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या ‘हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल’मध्ये १४ प्रश्न असतात, चिंतेचे ७ आणि नैराश्याचे ७. थकवा किंवा भूक मंदावणे ही लक्षणे हृदयविकारामुळेही उद्भवतात, म्हणून त्यात शारीरिक तक्रारींना मुद्दाम जवळजवळ स्थान दिलेले नाही. कोणत्याही एका भागात २१ पैकी ८ किंवा अधिक गुण आले, तर सविस्तर चौकशी हवी. गुण म्हणजे निदान नव्हे.

तरीही एवढ्यावर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शॉकच्या भीतीविषयी ही प्रश्नावली काहीच विचारत नाही. त्यासाठी १० प्रश्नांची ‘फ्लोरिडा शॉक अँग्झायटी स्केल’ वेगळी आहे. ती मिळू शकेल का, हे विचारावे. कागद नुसता फायलीत जाणार असेल, तर तो भरून घेण्यात अर्थ नाही, म्हणून तो कोण वाचणार आणि पुढे कोणाकडे पाठवणार, हेही विचारावे. विचार-वर्तन उपचारपद्धती आणि देखरेखीखालील व्यायाम यांचा उपयोग होतो. औषध लागलेच, तर काही नैराश्यविरोधी औषधे हृदयाच्या लयीवर परिणाम करतात, त्यामुळे ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करावे. जगणे नकोसे झाल्याचे वडील बोलले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शॉक बसल्यावर काय करायचे, याची लेखी सूचनाही मागून घ्यावी. साधारणपणे एक शॉक बसून नंतर बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना कळवावे लागते. लागोपाठ शॉक बसले, किंवा छातीत दुखणे, भोवळ, धाप असे काही झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.