सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ : जमीन गेली की आहे?

प्रश्न : रोहा तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे. आजोबा तिथे नाचणी-वरी करायचे. आता ऐन-किंजळ माजलेत. विकायला काढली तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘खाजगी वन’ असा शेरा निघाला. तलाठी पोटखराबा म्हणतात, वन खातं म्हणतं जमीन सरकारजमा झाली. खरं कोणाचं?

उत्तर : पोटखराबा म्हणजे लागवडीलायक नसलेला भाग; हा आकारणीपुरता शब्द, त्यातून मालकी ठरत नाही. ‘खाजगी वन’ मात्र जड आहे. 1975च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशी वनं 30 ऑगस्ट 1975 रोजी सरकारकडे गेली, मोबदला मिळो न मिळो. नाव ‘खाजगी’, मालक सरकार!

पण शेरा पडला म्हणून जमीन गेली, असंही नाही. हा शेरा बहुधा 1927च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 35(3)च्या जुन्या नोटिशीवरून (खाजगी वनावर निर्बंध घालण्याआधी मालकाला द्यायची नोटीस) पडतो. गोदरेज अँड बॉइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावलेली हवी. आधी हा शेरा ज्या फेरफाराने (हक्कनोंदीतल्या बदलाची नोंद) पडला त्याची नक्कल काढा आणि नोटीस व बजावणीचा कागद माहिती अधिकारात मागा.

दुसरा आधार आजोबांची नाचणी. 30 ऑगस्ट 1975 या दिवशी कायदेशीर कसणुकीत असलेली, कमाल धारणेच्या (शेतजमीन बाळगण्याची कायदेशीर मर्यादा) आतली जमीन 1975च्या कायद्याचं कलम 3(2) वगळतं. महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं, म्हणून 1975-76चा पीकपाहणीचा नमुना बारा लागेल. मागची दोन-तीन वर्षंही घ्या. नाचणी-वरी लिहिली असेल तर उत्तम. नुसतं गवत असेल तर बाजू लंगडी पडते.

हे सगळं जोडून त्याच कायद्याच्या कलम 6 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जमीन खाजगी वन आहे की नाही, हे त्यांनी ठरवायचं. लोक नुसतं फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करत बसतात आणि मूळ वाद तसाच राहतो.

गिऱ्हाईकाला फार्महाऊस बांधायचं असेल तर त्यालाही स्पष्ट सांगा. गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996च्या आदेशाने शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, त्यालाही 1980चा वन संवर्धन कायदा (वनजमिनीच्या वनेतर वापराला केंद्राची पूर्वमंजुरी लागते) लागू झाला, मालक कोणीही असो. म्हणजे मालकी सिद्ध झाली तरी आजची झाडी आड येऊ शकते. म्हणून कोणी ‘रातोरात साफ करून टाकू’ म्हणेल. ऐकू नका, वृक्षतोडीचा गुन्हा वेगळा लागेल. निकाल लागेपर्यंत इसारही घेऊ नका.