वाचक विचारतात : सलीम अली सरोवर, हिमायत बाग आणि किलेअर्क

प्रश्न : आम्ही परभणीला राहतो. डिसेंबरात दोन्ही मुले आणि सासू-सासरे यांच्यासह छत्रपती संभाजीनगरला येण्याचा विचार आहे. वेरूळ आणि दौलताबाद सर्वांनी पाहिले आहे. दिल्ली दरवाज्याजवळचे तळे आणि हिमायत बाग यांसाठी एक दिवस राखून ठेवावा का? किलेअर्कच्या जुन्या राजवाड्याशी त्यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : दिवस अवश्य राखून ठेवावा, मात्र ही तिन्ही ठिकाणे सुटी न पाहता एकत्र पाहावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी भूमिगत नहरींनी गावात आणले. पुढे औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधला आणि १६९२ मध्ये किलेअर्क हा राजवाडा उभारला, तेव्हा मक्का दरवाजा आणि दिल्ली दरवाजा यांच्यामधली बहुतेक सगळी जागा या राजवाड्याने व्यापली होती. चार-पाच दरवाजे, नगारखाना, कोपऱ्यांवरचे अर्धगोल बुरूज आणि आत कारंजी व हौद असलेली विस्तीर्ण बाग, असा तो पसारा होता. पाण्याची खात्री नसलेल्या प्रदेशात हौद आणि कारंज्यांचा राजवाडा उभा राहतो, तो आधी कोणीतरी पाण्याची सोय केलेली असते म्हणून. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दिल्ली दरवाज्याबाहेरचे तळे मोगल काळात खिजरी तालाब म्हणून ओळखले जाई. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव त्याला नंतर दिले गेले, आणि ते शोभतेही, कारण आज हे तळे पाहायचे ते पक्ष्यांसाठीच. आपण हिवाळा निवडलात हे उत्तम झाले. मुलांना आधी वारकरी हा पाणपक्षी दाखवावा. अंग काळे आणि कपाळ पांढरेशुभ्र असल्यामुळे तो दुर्बिणीशिवायही ओळखू येतो. त्यानंतर थापट्या बदक शोधावे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून हिवाळ्यापुरते येणारे हे बदक आपली रुंद, चपटी चोच पाण्यात फिरवून बारीक जीव गाळून खाते, आणि ते पाहताना मुले बराच वेळ शांत बसतात. पाणकावळे व बगळेही दिसतील. सकाळी लवकर जावे, भडक कपडे टाळावेत आणि पक्ष्यांना खायला काहीही टाकू नये. काठापर्यंत जाण्याची परवानगी पक्ष्यांच्या संरक्षणासाठी वेळोवेळी बदलते. म्हणून निघण्यापूर्वी महानगरपालिकेकडे चौकशी करावी, आणि प्रवेश बंद असेल तर तो नियम मनापासून पाळावा. शहरी सांडपाणी आणि जलपर्णी या दोन्हींचा त्रास सोसणाऱ्या तळ्याला माणसांची वर्दळही सोसायला लावणे आम्हाला योग्य वाटत नाही.

समोरची हिमायत बाग सासू-सासऱ्यांना अधिक मानवेल. सतराव्या शतकातल्या या मोगल उद्यानात आता आपल्याच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे, त्यामुळे ही नुसती फिरण्याची बाग नाही, येथे काम चालते. आखीव फुलांचे ताटवे आणि खेळणी अपेक्षिली तर निराशा होईल. जुन्या झाडांची गर्द सावली आणि आमराई पाहायची असेल, तर मराठवाड्यातल्या शहरात अशी दुसरी जागा सहज सापडणार नाही.

किलेअर्क शेवटी ठेवावे. तेथे अखंड राजवाडा उभा नाही, शिल्लक अवशेषांभोवती आणि त्यांच्या आतही आधुनिक वस्ती व इमारती आल्या आहेत, त्यामुळे तासाभरात पाहून होते. दुपारनंतर ज्येष्ठांना थकवा नसेल, तर पुढे पाणचक्कीला जावे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी तेथे उंचावरून हौदात पडते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर पूर्वी धान्य दळण्याचे जाते फिरत असे. सकाळपासून ज्या पाण्याविषयी मुलांना सांगत आलात, ते कोणत्या वाटेने शहरात शिरले हे त्यांना तेथे डोळ्यांनी पाहता येईल.